स्विफ्टचे कोणते व्हेरियंट घ्यावे आणि शोरूममधून काय बसवून घ्यावे

मारुती सुझुकीने चौथ्या पिढीची स्विफ्ट ९ मे २०२४ रोजी भारतात आणली आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला तिचे झेडएक्सआय मॅन्युअल व्हेरियंट पुण्यात आमच्या घरी आले. तीन सिलिंडरचे नवे इंजिन, गाडीचे मायलेज, क्लचचा हलकेपणा या गोष्टींवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते गाडीच्या दोन किमतींविषयी. पहिली किंमत व्हेरियंटची, आणि ती बाजारात येताना ६.४९ लाखांपासून साडेनऊ लाखांच्या पुढेपर्यंत पसरलेली होती. दुसरी किंमत शोरूममध्ये कोटेशनच्या शेवटच्या ओळींत येते. तिथे सीट कव्हर, मॅट, फिल्म, कोटिंग, गार्ड अशा वस्तूंची बेरीज झालेली असते आणि ग्राहक बहुधा ती बेरीज न वाचताच मान्य करतो. या दोन्ही किमतींचा विचार एकत्र केला, तरच आपण नेमके कशासाठी पैसे देत आहोत हे कळते. माझे मत असे आहे की जी वस्तू पत्र्याच्या आत, वायरिंगमध्ये किंवा काचेत बसते ती कारखान्यातूनच आलेली असावी आणि तिच्यासाठी वरचे व्हेरियंट घ्यायला हरकत नसावी. जी वस्तू वर अंथरता, चिकटवता किंवा अडकवता येते ती नंतर, सावकाश आणि चार दुकाने पाहून घ्यावी.

या गाडीच्या बाबतीत हा विचार सोपा होतो, कारण सुरक्षेची साधने व्हेरियंटनुसार वाटलेली नाहीत. सहा एअरबॅग, घसरणारी गाडी सावरणारे ईएसपी आणि चढावर गाडी मागे सरकू न देणारा हिल होल्ड ही साधने सर्वांत खालच्या एलएक्सआयपासून सर्वांत वरच्या झेडएक्सआय प्लसपर्यंत सर्व गाड्यांत आहेत. पूर्वी असे नव्हते. आपल्याकडे चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सर्व नव्या मोटारींत सक्तीचे झाले ते जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांत यायला २०२१ चे अखेरचे दिवस उजाडले. त्याआधी कमी पैशांत गाडी घेणाऱ्या कुटुंबाला कमी संरक्षण मिळत असे, आणि ती मला या व्यवसायातली सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटत आली आहे. ईएसपी हे तर नंतर बसवताच न येणारे साधन आहे. चाकांचा वेग, स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचे वळणे यांची सतत तुलना करून ते एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि घसरणारी गाडी रस्त्यावर आणते. पाटणहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरताना पावसाळ्यात वळणावर वाहून आलेली माती पसरलेली असते. तिथे या साधनाची किंमत कळते. ज्यांना या किंवा दुसऱ्या कोणत्याही कंपनीची गाडी घ्यायची आहे, त्यांनी माहितीपत्रकात सर्वांत आधी सुरक्षेचे पान उघडावे आणि सर्वांत खालच्या कोणत्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आणि ईएसपी मिळतात ते पाहावे. निवड त्या व्हेरियंटपासून वर सुरू होते, त्याच्या खाली ती नसतेच.

आता एकेक व्हेरियंट पाहू. एलएक्सआयमध्ये कारखान्याकडून म्युझिक सिस्टीम येत नाही, चाके १४ इंचांची लोखंडी असतात आणि आतली सजावट साधी असते. ज्यांना गाडी रोज कामाला वापरायची आहे आणि टचस्क्रीनच्या पडद्याशी फारसे देणेघेणे नाही, त्यांनी ती घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र ती घेऊन त्याच दिवशी शोरूममधूनच पडदा, स्पीकर आणि सजावटीच्या वस्तू बसवायच्या असतील, तर हिशेब लगेच फिरतो. बाजारात येताना एलएक्सआय ६.४९ लाखांना आणि व्हीएक्सआय सुमारे ७.२९ लाखांना होती. या ऐंशी हजारांच्या अंतरात व्हीएक्सआयला सात इंचांचा टचस्क्रीन, वायरशिवाय चालणारे अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले, स्पीकर, स्टीअरिंगवरची बटणे आणि बटणाने हलणारे बाहेरचे आरसे मिळतात. हे सगळे एकेक करून बाहेरून बसवले तर पैसे थोडे वाचतील, पण स्टीअरिंगवरच्या बटणांची आणि आरशांच्या मोटारींची वायरिंग दारांतून आणि स्टीअरिंगमधून फिरवावी लागते. नव्या गाडीचे दार त्यासाठी उघडू देणे मला पटत नाही.

व्हीएक्सआय-ओ हे त्याच्या वरचे व्हेरियंट साधारण सत्तावीस हजारांनी महाग होते आणि त्यात मुख्यतः बटण दाबून सुरू होणारे इंजिन आणि खिशात ठेवायची स्मार्ट चावी मिळते. ज्यांच्या घरात एकच गाडी अनेक जण चालवतात किंवा ज्यांचे हात सतत सामानाने भरलेले असतात, त्यांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. बटणस्टार्टची बाहेरची किट बाजारात मिळतात, पण ती इग्निशनच्या आणि चोरीविरोधी इमोबिलायझरच्या वायरिंगमध्ये हस्तक्षेप करतात. गाडी सुरू होण्याची मूळ यंत्रणाच कोणा तिसऱ्याच्या सर्किटवर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून ही सोय हवी असेल तर ती कारखान्याचीच घ्यावी, आणि नको असेल तर व्हीएक्सआयवर समाधान मानावे. शहरात फिरणाऱ्या बहुतेक कुटुंबांसाठी माझ्या मते व्हीएक्सआय हेच सर्वांत शहाणपणाचे व्हेरियंट आहे.

आम्ही तरीही झेडएक्सआय घेतले, आणि त्याचे कारण दिवे हे होते. व्हीएक्सआय-ओपर्यंतच्या गाड्यांत हॅलोजन प्रोजेक्टर दिवे आहेत. झेडएक्सआयपासून एलईडी प्रोजेक्टर आणि दिवसा जळणारे एलईडी दिवे मिळतात. हॅलोजनचा पिवळसर प्रकाश धुक्यात वाईट नसतो, हे मान्य करायला हवे. पण काळ्याभोर ओल्या डांबरावर, जिथे रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टीही पुसली गेलेली असते, तिथे एलईडीचा रुंद आणि सारखा पसरणारा झोत डोळ्यांवरचा ताण कितीतरी कमी करतो. कऱ्हाड ओलांडल्यावर चिपळूणपर्यंतचा रस्ता आम्हाला अनेकदा रात्री कापावा लागतो, आणि त्या रस्त्यावर बैल, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मागचे दिवे नसलेला डंपर किती अंतरावरून दिसतो यावर सगळे अवलंबून असते. इथे कोणी म्हणेल की व्हीएक्सआय घेऊन तिच्यात बाहेरून एलईडी बल्ब टाकता आले असते. मी या पर्यायाच्या पूर्ण विरोधात आहे. प्रोजेक्टरची भिंगे आणि आतला परावर्तक हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी आखलेले असतात. त्या जागी एलईडीची चिप आली की प्रकाशाचा उगम थोडा सरकतो, झोताची वरची रेघ फाटते आणि प्रकाश रस्त्यावर न पडता समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. स्वतःला जास्त उजेड दिसतो आणि समोरचा आंधळा होतो, अशी ही सुधारणा आहे. जास्त वॅटचे हॅलोजन बल्ब घातले तर मूळ वायर आणि होल्डर तापतात, आणि त्यासाठी वेगळा रिले, म्हणजे जास्त प्रवाह झेलणारा विद्युत स्विच, घातला तरी दिव्याची प्लास्टिकची काच पिवळी पडण्याची भीती राहतेच. दिवे चांगले हवे असतील तर ते कारखान्यातून आलेले असावेत.

झेडएक्सआयमध्ये याखेरीज १५ इंचांची अलॉय चाके, आपोआप तापमान राखणारा एसी आणि वायरशिवाय फोन चार्ज करायची जागा मिळते. यांतला एसी मला सोयीचा वाटतो, पण एवढ्यासाठी कोणी वरचे व्हेरियंट घ्यावे असे मी म्हणणार नाही. चार्जरची जागा तर फोनला उन्हाळ्यात तापवते, त्यामुळे साधी वायर बरी. चाकांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण अलॉय चाके ही शोरूमच्या आणि बाहेरच्या दुकानांच्या विक्रीची आवडती वस्तू आहे. खालच्या व्हेरियंटमध्ये १६५/८० आर १४ मापाचे टायर येतात आणि वरच्या व्हेरियंटमध्ये १८५/६५ आर १५. यांत पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा चाकाचा व्यास इंचांत सांगतो. गणित केले तर पहिल्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा सुमारे ६२१.५. म्हणजे कंपनीने चाक मोठे करताना टायरची उंची तेवढीच कमी केली आहे, आणि म्हणून स्पीडोमीटर, ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारे एबीएस आणि ईएसपी यांच्या हिशेबात फरक पडत नाही. ज्यांनी व्हीएक्सआय घेतली आहे आणि ज्यांना नंतर अलॉय हवी आहेत त्यांनी हेच माप डोळ्यांसमोर ठेवावे. १६ किंवा १७ इंचांची चाके गाडीला शोभतात, पण बाजूची रबराची भिंत एवढी अरुंद होते की खड्ड्यात पहिला मार रिमला बसतो, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या अपूर्ण टप्प्यांवरून जाणाऱ्याला वाकलेल्या रिमचा खर्च कोणी वेगळा सांगायला नको. तसेच ८० मालिकेचा उंच टायर खडबडीत रस्त्यावर अधिक मऊ चालतो, आणि गावाकडच्या रस्त्यांसाठी लोखंडी चाक ठोकून सरळही करता येते. ज्यांचे रोजचे रस्ते खराब आहेत त्यांच्यासाठी खालच्या व्हेरियंटचे चाक अधिक योग्य आहे, असे मला वाटते.

झेडएक्सआय प्लस आणखी सत्तर हजारांनी महाग होते. त्यात नऊ इंचांचा पडदा, आर्कामिसची ध्वनियंत्रणा, क्रूझ कंट्रोल आणि पुढचे एलईडी फॉग दिवे मिळतात. फॉग दिवे वगळता यांतली एकही वस्तू मला सत्तर हजारांची वाटली नाही. समृद्धी महामार्गावरून नियमित नागपूरला जाणाऱ्याला क्रूझ कंट्रोलचा उपयोग होईल. पुणे-कऱ्हाड-चिपळूण असा प्रवास करणाऱ्याला तो फारसा होत नाही. खालच्या व्हेरियंटच्या बंपरमध्ये फॉग दिवे नंतर बसवता येतात, आणि ही त्या थोड्या विद्युत वस्तूंपैकी एक आहे जी शोरूममधून बसवून घेणे मला मान्य आहे, मात्र तीन अटींवर: दिवे कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीजपैकी असावेत, जोडणी कपलरने, म्हणजे तयार प्लगने, व्हावी आणि मूळ वायर कुठेही सोलली जाऊ नये, आणि दिव्यांना स्वतंत्र फ्यूज व रिले असावा.

गिअरचा आणि इंधनाचा निर्णय या सगळ्याच्या आधी घ्यायला हवा, कारण त्यांतले काहीच नंतर बदलता येत नाही. एएमटीसाठी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणाऱ्या गिअरसाठी, बाजारात येताना साधारण पन्नास हजार जास्त पडत होते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर किंवा चांदणी चौकात रोज सकाळी अडकणाऱ्याला मी झेडएक्सआय मॅन्युअलऐवजी व्हीएक्सआय एएमटी घ्यायला सांगेन आणि उरलेले पैसे खिशात ठेवायला सांगेन. सीएनजी सप्टेंबर २०२४ पासून व्हीएक्सआय, व्हीएक्सआय-ओ आणि झेडएक्सआय या तीन व्हेरियंटमध्ये आली, आणि ती फक्त मॅन्युअल गिअरमध्ये मिळते. कंपनीचा दावा किलोला ३२.८५ किलोमीटरचा आहे. मात्र २६५ लिटरची डिकी जवळजवळ सगळी टाकीला द्यावी लागते. ज्यांना सीएनजी हवी आहे त्यांनी ती कारखान्यातूनच बसलेली घ्यावी, कारण बाहेरून किट बसवले की वॉरंटी, आरसी पुस्तकातली नोंद आणि विम्यातली नोंद असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात.

किमतींतल्या फरकाकडे पाहताना एक्स-शोरूम, म्हणजे वाहनकर आणि विमा धरण्याआधीच्या, आकड्यांवर थांबू नये. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर एकरकमी ११ टक्के वाहनकर लागतो, दहा ते वीस लाखांवर १२ टक्के आणि त्याच्या वर १३ टक्के. व्हीएक्सआय-ओ आणि झेडएक्सआय यांच्यात ७३ हजारांचे अंतर होते. त्यावर कराचे आणखी आठ हजार धरले की प्रत्यक्षात ८१ हजार होतात, आणि विम्याचा हप्ताही त्याच प्रमाणात चढतो. बाहेरून घेतलेल्या वस्तूंवर हा वाहनकर नसतो, ही अ‍ॅक्सेसरीजच्या बाजूने मांडता येणारी खरी गोष्ट आहे. स्विफ्टची कोणतीही गाडी दहा लाखांना ओलांडत नाही; पण जे ब्रेझासारख्या मोठ्या गाडीच्या मधल्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये घुटमळत आहेत, त्यांनी दहा लाखांची रेघ नीट पाहावी, कारण ती ओलांडली की कराचा दर संपूर्ण किमतीवर वाढतो आणि शिवाय एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, भरावा लागतो. टीसीएसची रक्कम आयकर विवरणपत्रात परत मागता येते, वाहनकराची येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि स्विफ्टची सुरुवातीची किंमत ५.७९ लाखांपर्यंत खाली आली. वर दिलेले आकडे त्याआधीचे आहेत, आणि आज कोटेशन घेणाऱ्याने हाच हिशेब नव्या किमतींवर करावा.

आता अ‍ॅक्सेसरीजकडे वळतो. आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये ‘बेसिक किट’ या एका ओळीत सगळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या होत्या, आणि त्या घेतल्याशिवाय गाडी दसऱ्याला मिळणे कठीण जाईल असे सौम्य शब्दांत सुचवले गेले. असे सुचवणे अनेक शोरूममध्ये चालते, आणि ग्राहकाने इथे घाबरू नये. एक वस्तू विकण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापार प्रथा ठरते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आम्ही किटमधल्या प्रत्येक वस्तूची स्वतंत्र किंमत लेखी मागितली, आणि तेवढ्यानेच संभाषणाचा सूर बदलला. गाडी दसऱ्यालाच मिळाली.

त्या यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू सीट कव्हर ही आहे, कारण तिच्याकडे कोणीही सुरक्षेची वस्तू म्हणून पाहत नाही. सहा एअरबॅग असलेल्या गाडीत दोन एअरबॅग पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत असतात आणि धडकेच्या वेळी त्या सीटची शिवण फाडून क्षणार्धात फुगतात. त्यावर जाड रेक्झिनचे घट्ट कव्हर सगळ्या बाजूंनी शिवलेले असेल तर ती एअरबॅग उशिरा किंवा चुकीच्या दिशेने उघडू शकते. ज्या साधनासाठी आपण पैसे दिले ते आपणच बांधून ठेवल्यासारखे होते. कव्हर घ्यायचेच असेल तर त्या कडेला कमकुवत शिवण किंवा मोकळी जागा ठेवलेले, एअरबॅगसाठी खास बनवलेले कव्हर घ्यावे, आणि बसवल्यावर सीटच्या बाजूला असलेली एअरबॅगची पट्टी दिसते का ते बोटाने चाचपून पाहावे. नाना पेठेत हवे ते कव्हर हव्या त्या रंगात मिळते, पण हा प्रश्न दुकानदाराला आपणच विचारावा लागतो. आम्ही मूळ कापडी सीटवरच राहिलो आहोत. आमच्या हवेत कापड रेक्झिनपेक्षा कितीतरी सुखाचे आहे.

मॅटच्या बाबतीत साधे, उंच कडेचे रबरी मॅट उत्तम. पावसात चिखल त्यातच राहतो आणि नळाखाली धुता येतो. संपूर्ण जमीन झाकणारे, खाली फोम चिकटवलेले मॅट दिसायला सुंदर असतात, पण ते बसवायला पुढच्या सीट उचलाव्या लागतात, आणि सीटखाली एअरबॅगचे पिवळे कपलर असतात. तिथे घाईने हात लागला की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो. शिवाय कोकणच्या पावसात त्या फोमखाली पाणी गेले तर ते महिनोन्‌महिने सुकत नाही आणि पत्रा सडायला सुरुवात तिथून होते. चालकाच्या बाजूला एकावर एक दोन मॅट कधीही ठेवू नयेत. वरचा मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकतो.

काचेच्या फिल्मविषयी शोरूममध्ये सर्वांत जास्त चुकीची माहिती दिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल देऊन काचांवर वेगळ्याने चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि ती ४ मेपासून लागू झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. त्या नियमात नंतर झालेल्या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या मर्यादेत बसणारी फिल्म ग्राह्य धरली आहे. पण पुण्यात किंवा ठाण्यात चौकात थांबवणारा पोलीस प्रकाशाचे प्रमाण मोजण्याचे यंत्र हातात घेऊन उभा नसतो. ‘आरटीओ मान्य’ असे छापलेली फिल्म विकणाऱ्याला त्या मान्यतेचा कागद मागावा. आम्ही फिल्म न लावता बाजूच्या काचांवर काढता येण्याजोग्या जाळ्या फक्त उभ्या गाडीसाठी ठेवल्या आहेत.

पुढच्या बंपरवरचे लोखंडी गार्ड मागणारे लोक अजूनही आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल करता येत नाही. गार्डमुळे धडकेचा जोर बंपरच्या दबणाऱ्या भागाऐवजी थेट चॅसीवर जातो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकतो, आणि पायी चालणाऱ्या माणसाला बसणारा मार कितीतरी पटींनी वाढतो. अनेक सुरांच्या कर्कश हॉर्नलाही नियमात जागा नाही. दाराचे व्हायजर, मड फ्लॅप आणि बाजूच्या रबरी पट्ट्या या वस्तू निर्धोक आहेत, आणि मड फ्लॅप तर पावसाळ्याआधी बसवून घ्यावेतच. गाडीखालच्या कोटिंगची गरज मात्र सगळ्यांना नाही. कारखान्यातून गाडी गंजरोधक थरासह येते. ज्यांची गाडी वर्षभर रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागला समुद्राजवळ उभी राहते त्यांनी ते करून घ्यावे, पण करताना पाणी निचरायची छिद्रे बुजत नाहीत ना हे स्वतः पाहावे. पुण्यातल्या गाडीला त्याऐवजी पावसाळ्यानंतर खालून एकदा स्वच्छ पाण्याने धुणे पुरते.

ज्या व्हेरियंटमध्ये मागचा कॅमेरा कारखान्यातून येत नाही तिथे तो नंतर बसवणे योग्य आहे, विशेषतः ज्यांच्या सोसायटीत लहान मुले खेळत असतात त्यांनी तो टाळू नये. सेन्सर फक्त अंतर सांगतात. खाली बसलेले मूल त्यांना नेहमी कळतेच असे नाही. डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच कॅमेऱ्याची वायर नेली आहे का, एवढे पाहून घ्यावे. ती वायर बाहेरून नेली तर दार बंद होताना चेपते आणि काही महिन्यांत तुटते.

या सगळ्या वस्तूंची जीएसटीसह पक्की पावती घ्यावी आणि ती गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी. जुलै २०२४ पासून मारुतीची मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर अशी झाली आहे, पण अ‍ॅक्सेसरीजना ती लागू आहे असे गृहीत धरू नये; प्रत्येक वस्तूची मुदत तिच्या पावतीवर लिहून घ्यावी. एखाद्या विद्युत दोषाचे कारण बाहेरून केलेली जोडणी आहे असे ठरले तर त्या दुरुस्तीचा खर्च आपल्यावर येतो. म्हणून वायर कापून केलेले कोणतेही काम, ते शोरूमच्या आवारात झाले असले तरी, नाकारावे. विम्याचेही तसेच आहे. नंतर बसवलेली चाके, पडदा, स्पीकर यांचा समावेश गाडीच्या घोषित मूल्यात, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीत, आपोआप होत नाही. मोटार टॅरिफच्या, म्हणजे मोटार विम्याच्या दरपत्रकाच्या, रीतीनुसार विद्युत वस्तूंसाठी त्यांच्या मूल्याच्या ४ टक्के जादा हप्ता भरून त्यांची वेगळी नोंद करावी लागते, म्हणजे २५ हजारांच्या वस्तूंना वर्षाला हजार रुपये, आणि अलॉय चाकांसारख्या इतर वस्तूंचे मूल्य घोषित मूल्यात वाढवून घ्यावे लागते. विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही, त्यामुळे दोन कंपन्यांकडून दर मागवताना या वस्तूंची यादी दोघांनाही द्यावी आणि पॉलिसी हातात आल्यावर त्या तिच्यात छापल्या आहेत का ते वाचून मगच गाडी शोरूममधून बाहेर काढावी.